माळ्यावर उदमांजराची पिल्ले आहेत आणि पावसापूर्वी कौले शाकारायची आहेत; काय करावे?

माहेरचा_सोपा (२३ एप्रिल)

नमस्कार. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचे जुने कौलारू घर आहे. मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, पुढच्या सोप्यावर तक्तपोशी (लाकडी फळ्यांचे छत) आणि तिच्यावर माणूस वाकून चालू शकेल एवढा माळा, अशी त्याची रचना आहे. माळ्यावर गौरी-गणपतीचे साहित्य, तांब्याची काही भांडी आणि आजीने शिवलेल्या वाकळा ठेवलेली एक पत्र्याची ट्रंक आहे. घरात सध्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आणि मी अशा दोघीच राहतो.

गेल्या महिन्यापासून रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास तक्तपोशीवर कोणीतरी चालत असल्याचा आवाज येतो. उंदरांची खुडबुड आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. हा आवाज तसा नाही. चार जड पावले पडतात, मध्येच थांबतात, मग आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या बाजूला खरवडल्यासारखे होते आणि एखादे कौल खडखडते. पहाटे चारच्या पुढे पुन्हा तोच आवाज उलट दिशेने येतो. सुरुवातीचे आठ-दहा दिवस आई रोज विचारत असे की एवढ्या रात्री शेजारी भात कोण शिजवते, कारण सोप्यात आंबेमोहोराच्या ताज्या भातासारखा वास दरवळत असे. आता त्या वासात लघवीचा उग्र दर्प मिसळला आहे आणि तक्तपोशीच्या दोन फळ्यांवर पिवळसर डाग उमटले आहेत. परड्यातल्या न्हाणीच्या पत्र्यावर रोज सकाळी चिकूच्या काळ्या, चकचकीत बियांनी भरलेली विष्ठा दिसते.

रविवारी माझ्या भाच्याने शिडी लावून माळ्याच्या झडपेतून मोबाइल आत धरला आणि फोटो काढले. ट्रंकेचे झाकण मुळातच नीट लागत नव्हते. वरची वाकळ ओढून ट्रंकेमागच्या कोपऱ्यात नेलेली आहे आणि तिच्या घडीत तीन पिल्ले एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेली आहेत. शेजारी त्यांची आई होती. तोंड काळे, कपाळावर फिकट पट्टा, पाय काळे, शेपटी अंगाइतकीच लांब. भाच्याने इंटरनेटवर शोधून हा रकून असल्याचे सांगितले. शेजारच्या आजी म्हणतात की हा मसण्याऊद आहे आणि तो घरात असणे अशुभ असते. एका गृहस्थांनी केळ्यात उंदराचे औषध घालून ठेवण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्यांनी पिंजरा लावून प्राणी पकडणारा आणि दाजीपूरकडे सोडून येणारा माणूस सुचवला.

माझी खरी अडचण वेळेची आहे. कौले शाकारणारे कारागीर १८ मे रोजी येणार आहेत आणि ती तारीख हुकली तर मृगाच्या आधी त्यांना दुसरा दिवस मोकळा नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही तीन ठिकाणी गळतीखाली घमेली लावून रात्री काढल्या, त्यामुळे काम पुढे ढकलणे शक्य नाही. मात्र त्या पिल्लांना काही होऊ नये, अशी माझी आणि त्याहून जास्त आईची इच्छा आहे. हा प्राणी नेमका कोणता, तो आपणहून जाईल का आणि गेल्यानंतर वाट कशी बंद करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

पायवाट_राधानगरी (२३ एप्रिल)

ताई, आपण केलेल्या वर्णनावरून हे उदमांजर आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही. आपल्या भागात त्यालाच कांडेचोर असेही म्हणतात. रकून हा मूळचा उत्तर अमेरिकेतला प्राणी असून आपल्याकडच्या रानात तो नाही. दोघांच्याही तोंडावर काळा मुखवटा असल्यामुळे फोटो पाहून अशी गल्लत होते. खात्रीसाठी शेपटी पाहावी. रकूनच्या शेपटीवर ठळक कडी असतात, तर उदमांजराची शेपटी एकसारखी गडद असते. आपल्याकडे जवादी मांजर नावाचा आणखी एक जवळचा प्राणी आहे आणि त्याच्या शेपटीवरही कडी असतात, पण तो जास्त करून जमिनीवर वावरतो. घराच्या माळ्यावर चढून राहण्याची सवय उदमांजराची.

मसण्याऊद हे नाव वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या प्राण्यांना लावले जाते आणि त्या नावामुळेच उदमांजराच्या वाट्याला विनाकारण मरण येते. मसण्याऊद मढी उकरतो असे लोक मानतात, पण मढी उकरण्याशी या प्राण्याचा काहीही संबंध नाही. तो मुख्यतः फळे खातो. चिकू, पपई, आंबा, उंबर, जांभूळ, भेरली माडाची फळे हे त्याचे अन्न, आणि जोडीला उंदीर, किडे, गोगलगायी. फळांच्या बिया पोटातून न मोडता बाहेर पडतात, त्यामुळे हा प्राणी जिथे फिरतो तिथे झाडे रुजतात. शेजारच्या आजींना त्या पत्र्यावरच्या चिकूच्या बिया दाखवून हे सांगितले, तर कदाचित त्यांची भीती कमी होईल. माझ्या स्वतःच्या आजीची समजूत मी याच पद्धतीने घातली होती.

आता मुख्य मुद्दा. उदमांजर एकटे राहणारे आहे. मादी पिल्लांसाठी कोरडी, अंधारी आणि माणसांच्या वर्दळीपासून दूर असलेली जागा शोधते. पूर्वी ती झाडाच्या ढोलीत मिळत असे. आता शहरात जुन्या झाडांपेक्षा जुने माळे जास्त उरले आहेत. एका वेळी साधारणपणे दोन ते पाच पिल्ले होतात आणि ती वर्षात केव्हाही होऊ शकतात. पिल्ले आईमागून चालू-चढू लागली की ती सगळी त्या जागेवरून हलतात. म्हणजे ती आपल्या घरात कायमची राहायला आलेली नाहीत. फोटोत पिल्लांचे डोळे उघडलेले दिसतात का, ती चार पायांवर उभी राहतात का, हे कृपया पाहून कळवावे, म्हणजे १८ मेपर्यंतचा अंदाज बांधता येईल.

विष आणि पिंजरा या दोन्ही सूचना कृपया मनातून काढून टाकाव्यात. उदमांजराला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे आणि त्या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत केवळ ठार मारणे नव्हे, तर विष घालणे, सापळा लावणे, पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. पिंजरा लावणारा माणूस पैसे घेऊन निघून जाईल, पण गुन्हा आपल्या घरात घडलेला असेल. दाजीपूरला सोडण्याची कल्पना ऐकायला बरी वाटते. तिथे राधानगरीचे अभयारण्य आहे, मग प्राणी सुखात राहील, असे माणसाला वाटते. प्रत्यक्षात शहरात वाढलेल्या मादीला तिथले एकही झाड, एकही आसरा ठाऊक नसतो, तिथल्या जागा आधीच दुसऱ्या प्राण्यांनी धरलेल्या असतात आणि पिल्ले मागे राहिली तर ती उपाशी मरतात. शिवाय आपल्या कौलांतली वाट उघडी राहिली, तर काही महिन्यांत दुसरे उदमांजर तिथे येते.

वनविभागाची १९२६ ही निःशुल्क मदतवाहिनी आहे. त्यावर आजच फोन करून नोंद करून ठेवावी. वनरक्षक येऊन पाहून गेले, तर पुढे कोणी शेजारी तक्रार करू लागला तरी आपली बाजू स्पष्ट राहते.

---

माहेरचा_सोपा (२४ एप्रिल)

मनापासून आभार. शेपटीवर कडी नाहीत. पिल्लांचे डोळे उघडलेले आहेत. दोन पिल्ले उभी राहतात, तिसरे अजून पोट घासत सरकते. १९२६ वर फोन केला आणि नोंद झाली आहे. पिल्ले असताना हात लावू नका, असेच तिकडूनही सांगितले.

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली (२४ एप्रिल)

आपण विचारून मग करत आहात, हे फार चांगले आहे. मी विचारले नव्हते, म्हणून घडलेले इथे सविस्तर लिहितो.

आमच्या घराच्या पत्र्याखाली लाकडी छत आहे. दोन वर्षांपूर्वी असेच आवाज येऊ लागले. मी कीटकनाशक फवारणीचे काम करणाऱ्या एका माणसाला बोलावले. त्याने टॉर्च मारून पाहिले, भोक दाखवले आणि सांगितले की प्राणी रात्री आठला बाहेर पडतो, तो बाहेर गेला की भोक बुजवू. तर्क बरोबर वाटला. त्या रात्री मादी बाहेर पडलेली आम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिली आणि त्याने विटा आणि सिमेंट लावून भोक बंद केले. आत पिल्ले असतील, हा विचार त्याच्या मनात आला नाही आणि माझ्याही आला नाही.

मध्यरात्री ती परत आली. पत्र्याच्या कडेला नखे घासल्याचा आवाज पहाटेपर्यंत चालू होता. दुसऱ्या रात्री तिने पन्हाळीजवळचा पत्रा एवढा उचकटला की त्याचा एक स्क्रू सुटून अंगणात पडला, पण तिला आत शिरण्याइतकी जागा झाली नाही. आतून बारीक, चिमणीसारखा आवाज येत होता. मी त्या माणसाला फोन केला, तो म्हणाला की उंदीर असतील. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर तो आवाज थांबला. चौथ्या दिवशी वास सुटला, तेव्हा सुताराला बोलावून छताच्या फळ्या काढल्या. दोन पिल्ले होती. भोकाच्या आतल्या बाजूला, सिमेंटला अगदी टेकून पडलेली होती.

मादी त्यानंतरही पाच-सहा रात्री कुंपणाच्या भिंतीवर येऊन बसत असे. माझ्या मुलीने तिला पाहिले आणि मला काही न बोलता खिडकी लावून घेतली.

म्हणून माझी एकच विनंती आहे. कारागीर घाई करत असले, शेजारी कुरकुर करत असले, तरी माळा रिकामा झाल्याची खात्री आपण स्वतः शिडीवर चढून, कोपरान् कोपरा पाहून करावी. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

---

शिवाजीपेठ_गवंडीकाम (२५ एप्रिल)

वरचे वाचून वाईट वाटले. असे प्रकार आमच्या कामात पाहायला मिळतात आणि त्यात बहुतेक वेळा चूक बुजवणाऱ्याची असते, कारण त्याला पैसे भोक बुजवण्याचे मिळतात, पाहण्याचे नाही.

ताई, आमचे घराणे तीन पिढ्या कौलांच्या कामात आहे, तेव्हा कामापुरते सांगतो. मंगळुरी कौलांच्या घरात हा प्राणी बहुधा तीन ठिकाणांहून शिरतो. पहिले ठिकाण वळचण. भिंतीचा माथा आणि वासे यांच्या मध्ये जी फट असते, ती पूर्वी मातीने भरलेली असे. माती पावसाने निघून जाते आणि चार बोटांची वाट तयार होते. दुसरे ठिकाण आढे. आढ्यावरच्या कोन्याच्या कौलांखालचा चुना सुटला की ती कौले नुसती टेकून राहतात आणि प्राणी डोक्याने ढकलून आत जातो. तिसरे म्हणजे दोन घरांची पाखी (छपराचे उतार) जिथे मिळतात ती पन्हाळ. आपल्याला खरवडण्याचा आवाज आढ्याकडून येतो, म्हणून तिथेच आधी पाहावे. ज्या कौलाच्या कडेला तेलकट काळपट डाग आणि चिकटलेले केस दिसतील, तीच वाट. अंगाची रोजची घासण लागून तो डाग पडतो आणि उन्हात चमकतो.

शाकारणी पुढे ढकलू नये, हे आपले म्हणणे बरोबर आहे. मात्र घराला दोन पाखी आहेत. पिल्ले पुढच्या सोप्यावर आहेत, तर कारागिरांना पहिले दोन दिवस मागच्या पाख्यावर काम करायला सांगावे. कौले उतरवण्याची आणि रिपा ठोकण्याची धडधड सुरू झाली की मादीला कळतेच. ती त्याच रात्री पिल्ले हलवण्याची शक्यता खूप असते. पुढचे पाखे शेवटी उघडावे. हे कारागिरांना तारखेच्या आधीच सांगून ठेवावे, कारण ते सकाळी येऊन सरळ रस्त्याच्या बाजूने शिडी लावतात.

फट बुजवताना सिमेंट भरू नये. वळचणीतून माळ्याला वारा मिळतो. ती घट्ट बंद केली तर वासे दमट राहून कुजतात आणि वाळवी लागते. अर्ध्या इंचाच्या चौकोनाची वेल्ड केलेली जस्ताची जाळी घ्यावी. लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती पातळ षट्कोनी जाळी चालत नाही, ती नखांनी वाकते. जाळी वाशांना लाकडी पट्टी देऊन स्क्रूने बसवावी, नुसते खिळे ओढून निघतात. आणि जाळी लावण्याआधी वटवाघळे किंवा चिमण्या त्या फटीत आहेत का, हेही पाहून घ्यावे. जुन्या घरात एकाच वळचणीला दोन-तीन बिऱ्हाडे असतात.

---

परतलेला_कोल्हापूरकर (२६ एप्रिल)

आपल्या भाच्याने ज्या रकूनचे नाव घेतले, त्याच्याशी माझा प्रत्यक्ष संबंध आला आहे. मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात अकरा वर्षे राहिलो आणि तिथे आमच्या माळ्यावर रकूनच्या मादीने पिल्ले घातली होती. तिथली माहिती इंटरनेटवर मुबलक आहे आणि आपले लोक ती जशीच्या तशी इथे वापरू पाहतात, म्हणून कोणती घ्यावी आणि कोणती सोडावी, ते लिहितो.

घेण्यासारख्या गोष्टी दोन. पहिली, उजेड आणि आवाज. मादीने माळा निवडलेला असतो तो अंधार आणि शांततेसाठी. दिवसा ती झोपलेली असताना माळ्यावर दिवा लावून ठेवला आणि झडपेजवळ रेडिओवर माणसांच्या बोलण्याचा कार्यक्रम हळू आवाजात चालू ठेवला, की जागा सुरक्षित नाही असे वाटून ती पिल्ले उचलून दुसरीकडे नेते. अशा माद्यांना एकापेक्षा जास्त आसरे ठाऊक असतात. आमच्याकडे चौथ्या रात्री माळा रिकामा झाला. दिवा एलईडीचा घ्यावा. जुना तापणारा बल्ब लाकडाजवळ ठेवू नये. दुसरी गोष्ट कागदाची. माळा रिकामा झाला असे वाटले की वाटेत वर्तमानपत्राचा सैल बोळा बसवावा. प्राणी आतून किंवा बाहेरून आला, तर बोळा हलतोच. ओळीने तीन रात्री तो जागचा हलला नाही, तर आत कोणी नाही असे धरता येते. तरीही शेवटी डोळ्यांनी पाहावेच.

तिथे एकतर्फी झडपही लावतात. वाटेवर वरून बिजागरीने टांगलेली जाळीची झडप बाहेर ढकलली जाते, पण आत उघडत नाही, म्हणून गेलेला प्राणी परत येऊ शकत नाही. ही युक्ती पिल्ले आत असताना लावली तर राजारामपुरीच्या गृहस्थांनी लिहिले तेच घडते. आपल्या बाबतीत तिची गरज पडेल असे मला वाटत नाही.

सोडण्याच्या गोष्टी म्हणजे तिकडे विकतात ते शिकारी प्राण्याच्या मुताच्या वासाचे द्रव आणि अमोनियाचे बोळे. बंद माळ्यावर त्याचा पहिला त्रास खाली झोपणाऱ्या माणसांना होतो. तसेच रकूनच्या विष्ठेत एका जंताची अंडी असू शकतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत इजा होऊ शकते, म्हणून तिकडे विष्ठेबद्दल फार कडक इशारे असतात. तो जंत रकूनचा आहे. ते इशारे वाचून आईंनी घाबरून जाऊ नये.

---

पशुवैद्य_करवीर (२६ एप्रिल)

वरील शेवटच्या मुद्द्याला थोडी जोड देतो. घाबरू नये हे खरे, पण निष्काळजीही राहू नये.

उदमांजर सस्तन प्राणी आहे, त्यामुळे त्याला रेबीज होऊ शकतो. ते आपणहून अंगावर येत नाही. पिल्लांजवळ कोंडीत सापडले तर मात्र चावते. चावा किंवा नखाचा ओरखडा लागलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आपल्याला सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) जवळ आहे. वन्य प्राण्याचा चावा तिसऱ्या, सर्वांत गंभीर श्रेणीतला मानतात, म्हणजे लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते. दंडातली लस ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी घेतात. मधला डोस चुकवू नये. भाच्याने पुन्हा झडपेतून हात आत घालू नये, हे त्याला आवर्जून सांगावे. मोबाइल काठीला बांधूनही फोटो निघतो.

साफसफाई माळा रिकामा झाल्यावरच करावी. वाळलेली विष्ठा झाडूने कोरडी झाडली की धूळ श्वासातून आत जाते, म्हणून आधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा हलका फवारा मारावा, अर्धा तास थांबावे आणि मग हातमोजे आणि मास्क घालून ती गोळा करावी. माळ्यावर उंदीर असतील, तर त्यांच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो. खरे तर उदमांजरापेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

डांबर गोळ्यांचा ढीग माळ्यावर टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. तो मानू नये. त्यातल्या नॅप्थलीनची वाफ तक्तपोशीच्या फटींतून खाली येते आणि आईंच्या वयात ती बाधू शकते. कडुलिंबाचा पाला जाळून धूर करणे तर लाकडी छपराखाली आगीला आमंत्रण आहे. उंदराच्या विषाबद्दल वर लिहिले आहेच. त्यात एवढेच जोडतो की विष खाल्लेला उंदीर उदमांजराने, घुबडाने किंवा घरच्या मांजराने खाल्ला, तर तेही मरते.

---

माहेरचा_सोपा (१५ मे)

सर्वांना नमस्कार. उशिरा लिहीत आहे, कारण खात्री झाल्याशिवाय काही सांगू नये असे वाटले.

वनविभागाचे कर्मचारी २९ एप्रिलला येऊन पाहून गेले. त्यांनीही थांबण्यास सांगितले. मी ७ मेपर्यंत काहीच केले नाही. तोवर तिन्ही पिल्ले माळ्यावर धावू लागली होती आणि संध्याकाळी तक्तपोशीवर असा गोंधळ होत असे की आई टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत बसे. ८ मेपासून सकाळी दहा ते सायंकाळी पाच माळ्यावर एलईडी दिवा लावला आणि झडपेखाली रेडिओ ठेवला. पहिले चार दिवस काही फरक पडला नाही. मी निराश झाले होते.

१२ मेच्या रात्री मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात अंधारात बसले होते. पावणेनऊला मादी आढ्याकडून आली, न्हाणीच्या पत्र्यावर उतरली आणि थांबली. तिच्या मागून दोन पिल्ले आली. ती तिघे भिंतीवरून शेजारच्या चिकूच्या फांदीवर गेली. तिसरे पिल्लू पन्हाळीपाशी अडले. ते पुढचा पाय पत्र्याकडे नेत असे आणि मागे घेत असे. चार-पाच मिनिटांनी मादी परत आली, मानेला धरून त्याला उचलले आणि पत्र्यावर आणून सोडले. तिथून ते स्वतःच गेले. मी त्या वेळी हललेसुद्धा नाही.

गवंडीकाकांनी लिहिल्याप्रमाणे आढ्याच्या तिसऱ्या कौलापाशी काळा चकचकीत डाग सापडला. तिथे १३ तारखेला कागदाचा बोळा बसवला. दोन रात्री तो जागचा हललेला नाही. आज तिसरी रात्र आहे. रेडिओ अजून चालू ठेवला आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मादी पुन्हा याच माळ्याकडे येईल का? आणि चिकूची फांदी आमच्या पत्र्यापासून दीड हातावर आहे. ती कापावी का? झाड शेजाऱ्यांचे आहे, त्यांची हरकत नाही.

---

पायवाट_राधानगरी (१६ मे)

वाचून खूप समाधान वाटले. ती परिसरात राहील आणि वाट तपासायला येईल, हे गृहीत धरावे. म्हणून आजचा बोळा हलला नसेल आणि माळा डोळ्यांनी पाहून झाला असेल, तर जाळी त्याच दिवशी बसवावी. कौलांवर पावले ऐकू आली तरी काळजी करू नये. छपरावरून जाणे आणि छपरात राहणे, यांत फरक आहे.

फांदी छाटल्याने वाट लांबते, पूर्णपणे बंद होत नाही, कारण उदमांजर पाण्याच्या पाइपवरून आणि केबलवरूनही चढते. तरीही छाटणी उपयोगी आहे. शहरी भागातील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, त्यामुळे शेजाऱ्यांची संमती असली तरी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करून मगच फांदी तोडावी. चिकू पिकू लागले की खाली पडलेली फळे रोज उचलावीत आणि रात्री खरकटे उघडे ठेवू नये.

---

माहेरचा_सोपा (२४ मे)

तिसऱ्या रात्रीही बोळा हलला नाही. १६ तारखेला मी आणि भाचा माळ्यावर जाऊन ट्रंक पुढे ओढून, चारही कोपरे टॉर्चने पाहून आलो आणि त्याच दुपारी आढ्याची वाट जाळीने बंद केली. १८ ला कारागीर आले. त्यांना मागच्या पाख्यापासून सुरुवात करायला सांगितले होतेच. काम चार दिवसांत झाले. पुढच्या पाख्यावरची अकरा आणि आढ्यावरची सहा कौले बदलली. वळचणीला सगळीकडे जाळी बसवली, मात्र पूर्वेच्या कोपऱ्यात चिमणीचे घरटे निघाले, म्हणून तेवढा हात-दीड हात भाग मोकळा ठेवून त्याच्या आतल्या बाजूला जाळी घेतली आहे.

तक्तपोशीच्या दोन डागाळलेल्या फळ्या पावसाळ्यानंतर बदलू. वाकळ गरम पाण्यात दोनदा धुऊन उन्हात वाळवली. एका कोपऱ्याचा टाका उसवला आहे, तो आई घालते आहे. फांदीचा अर्ज परवा महापालिकेत दिला. परवानगी मिळाली की कोणती कागदपत्रे लागली आणि किती दिवस गेले, ते इथे लिहीन.